उपदेश स्वस्त पडतो

सात वर्षं मी स्वतःला चिडका माणूस समजत होतो. घरच्यांचंही तेच मत होतं. भाड्याच्या खोलीची एकुलती एक खिडकी थेट चौकावर उघडायची. पहाटे साडेचारला पहिला ट्रक सिग्नलला गिअर बदलायचा आणि रात्री एकपर्यंत हॉर्न थांबायचे नाहीत. या काळात मला रागावर ताबा मिळवण्याचे सल्ले भरपूर मिळाले. दहापर्यंत आकडे मोज, खोल श्वास घे, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. मग काही वेगळ्याच कारणाने आम्ही घर बदललं, आतल्या गल्लीत राहायला गेलो. दोन-तीन महिन्यांनी बायको सहज म्हणाली, "हल्ली तू ओरडत नाहीस." मी ना ध्यान सुरू केलं होतं, ना एखादा संकल्प सोडला होता. रात्री झोप लागत होती, एवढंच. सात वर्षांत सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही त्या खिडकीकडे बोट दाखवलं नव्हतं. मीही दाखवलं नव्हतं.

एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण खिडकीचा हाच प्रकार एका शाळेत मोजून बघितलेला आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात एका शाळेला अगदी लागून उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग होता. इमारतीच्या एका बाजूचे वर्ग रुळांकडे तोंड करून, दुसऱ्या बाजूचे शांत. शाळा एकच, वस्ती एकच, पुस्तकं एकच. रुळांच्या बाजूला दर चार-पाच मिनिटांनी गाडी जायची आणि तेवढा वेळ शिक्षकाला ओरडून शिकवावं लागायचं, नाहीतर गप्प उभं राहावं लागायचं. आर्लीन ब्रॉनझाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनाच्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. रुळांकडची मुलं मागे होती, आणि वरच्या वर्गात पोचेपर्यंत हे अंतर जवळजवळ एका शैक्षणिक वर्षाएवढं झालेलं होतं. त्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर काय शेरे पडत असतील याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. लक्ष देत नाही. अभ्यासात गोडी नाही.

मराठीत 'परिस्थिती' या शब्दाची गंमत आहे. 'त्यांची परिस्थिती नाही' किंवा 'घरची परिस्थिती बेताची' असं आपण म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की पैशांची गोष्ट चालू आहे. अपयशाची, गरिबीची हकीगत सांगताना हा शब्द हमखास येतो. खात्यापित्या घरातल्या मुलाने नाव काढलं तर मात्र तो कोणाच्या तोंडी येत नाही. तिथे हुशारी येते, संस्कार येतात, मेहनत येते. जणू परिस्थिती फक्त गरिबांना असते. दुसरा आपला आवडता शब्दप्रयोग म्हणजे 'परिस्थितीवर मात'. हा बुद्धिबळातला शब्द. मध्ये पट, अलीकडे माणूस, पलीकडे परिस्थिती, असं चित्र त्यातून उभं राहतं. खरी अडचण या चित्रातच आहे. परिस्थिती पटाच्या पलीकडे बसलेली नसते. चाल करणाऱ्या हातात आणि चाल ठरवणाऱ्या डोक्यात ती केव्हाच शिरलेली असते.

माझं म्हणणं असं: माणसाच्या वागण्यातलं, तब्येतीतलं आणि बुद्धीतलं पुष्कळसं आपण 'स्वभाव' म्हणून त्याच्या नावे टाकतो, आणि ते खरं तर भोवतालच्या नावे पडायला हवं. खातं चुकलं की वसुलीही चुकीच्या माणसाकडून होते. ही चूक अज्ञानातून होते असंही मला वाटत नाही. उपदेश करायला खर्च येत नाही. घर, पाणी, पगार, शांतता द्यायला येतो. म्हणून पहिला मार्ग कायम अधिक नैतिक वाटतो.

शिरणं हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. शिसं घ्या. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं की इंजिन ठोके देत नाही, हा शोध १९२१ सालचा. त्यानंतर जगभरातल्या रस्त्यांवर ते धुरातून बाहेर पडत राहिलं आणि रस्त्याच्या कडेला खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जात राहिलं. जुन्या घरांच्या भिंतींवरच्या रंगातूनही ते जात होतंच. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळांमधल्या पहिली-दुसरीच्या दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, दातात मात्र साठून राहतं, म्हणून दात. दुसरीकडे, कोणत्या मुलाच्या दातात किती शिसं आहे हे न सांगता, शिक्षकांना त्यांच्याबद्दल साधे प्रश्न विचारले. मूल चटकन विचलित होतं का? हातातलं काम अर्धवट सोडतं का? सूचना पाळू शकतं का? १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसं जितकं जास्त, तितका शिक्षकांचा शेरा वाईट, आणि बुद्ध्यंकही कमी. अकरा वर्षांनी यातल्याच काही मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा जास्त शिसं असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सुटण्याचं प्रमाण कितीतरी अधिक होतं.

आता या मुलांना शिस्त लावणाऱ्या एखाद्या शिक्षकाचा विचार करा. चांगला, तळमळीचा शिक्षक. तो समजावतो, रागावतो, पालकांना बोलावून घेतो. पालक घरी जाऊन मुलाला बडवतात. या सगळ्या साखळीत प्रत्येक जण आपापल्या परीने कर्तव्य करतोय आणि शिसं जिथल्या तिथे आहे. मोटारगाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. म्हणजे शोध लागल्यापासून शंभर वर्षं. या शंभर वर्षांत 'हल्लीच्या पोरांना एकाग्रता म्हणून नाही' हे वाक्य किती भाषांत किती वेळा बोललं गेलं असेल, देव जाणे.

शिसं निदान मोजता येतं. पैशाची ओढाताण डोक्यात कशी शिरते हे दाखवणं अवघड. त्यावरचा एक प्रयोग मला आवडतो, कारण त्यात गरीब माणसाची तुलना श्रीमंताशी केलेली नाही, त्याच माणसाशी केली आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. त्यामुळे तोडणीआधीचे महिने उधारीचे, गहाणवटीचे, आणि त्यानंतरचे हात सैल सुटण्याचे. संशोधकांनी एकाच शेतकऱ्याची आकृत्यांची कोडी सोडवण्याची चाचणी तोडणीआधी घेतली आणि पैसे आल्यावर पुन्हा घेतली. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त कोडी सोडवत होता, कमी चुकत होता. हा निबंध २०१३ सालचा. पुढे त्याच्या आकडेमोडीवर आणि अर्थ लावण्यावर वादही झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण ज्याने कधी महिनाअखेरीला तीन देणी आणि एकाची सोय अशा अवस्थेत साधा अर्ज भरून पाहिला आहे, त्याला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही. डोकं कमी नसतं. ते दुसरीकडे जुंपलेलं असतं. आणि अशाच वेळी आपण त्याला सांगतो, 'जरा पुढचा विचार करत जा.'

पुढचा विचार या गोष्टीसाठी मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण याबाबतीत माणसाचं काय होतं हे एका गावाने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं क्वचित कोणी दाखवलं असेल. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची वसाहत होती. अख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ प्रत्येक घर एकदम बेकार झालं. १९३१च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे गेले. गावकऱ्यांना नुसते प्रश्न विचारायचे नाहीत, गावाच्या काही कामाला यायचं, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी कपडे वाटले, दवाखाना चालवला, शिवणाचे वर्ग घेतले आणि बरोबरीने सगळं टिपत गेले.

त्यांची अपेक्षा अशी, की हाताशी वेळच वेळ असल्यावर लोक वाचतील, सभा घेतील, संघटित होतील. संशोधक समाजवादी विचारांचे होते; बेकारीतून बंड उभं राहील असंही त्यांच्या मनात असणार. घडलं उलटंच. गावातल्या कामगारांच्या वाचनालयात पूर्वी पुस्तकामागे थोडे पैसे पडायचे, ते आता माफ केले होते. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एका खिडकीआड उभं राहून संशोधकांनी मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांचं निरीक्षण केलं. बायका भराभर चालत होत्या, कारण घरकाम, मुलं, चूल यांना गिरणी बंद पडल्याचं सोयरसुतक नव्हतं. पुरुष मात्र चार पावलं टाकून थांबायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा चार पावलं. न थांबता रस्ता पार करणारा पुरुष दहात जेमतेम एखादा. पुष्कळांनी घड्याळ जवळ बाळगणंच सोडून दिलं होतं. दिवसभर काय केलं ते तासवार लिहून द्या, असं सांगितलं तेव्हा कागद भरता भरेना. एकाने मधल्या तासांपुढे लिहिलं, 'तेवढ्यात दुपार होते.'

त्या अभ्यासातला एक तक्ता मी कधी विसरणार नाही. कुटुंबांचे त्यांनी चार प्रकार पाडले: उमेद टिकलेली, आहे त्याला शरण गेलेली, हताश, आणि पार खचून सगळं सोडून दिलेली. ही वर्गवारी घर कसं ठेवलंय, मुलांकडे लक्ष आहे का, पुढचे काही बेत आहेत का, यावरून केली होती. पैशावरून केलेली नव्हती. मग प्रत्येक प्रकाराची मोठ्या माणशी महिन्याची सरासरी मिळकत काढली. उमेद टिकलेली घरं, ३४ शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन). शरण गेलेली, ३०. हताश, २५. खचलेली, १९. एक पायरी खाली उतरायला चार-सहा शिलिंग पुरत होते. कोणी म्हणेल, उमेद होती म्हणून पैसे जास्त आले असतील. पण गाव बहुतांश बेकार भत्त्यावर जगत होतं. भत्ता सरकार ठरवत होतं आणि चेहऱ्यावरची उमेद बघून तो वाढवून मिळत नव्हता. आपण ज्याला मनोधैर्य म्हणतो, आतून येतं म्हणतो, संतांच्या आणि वीरांच्या गोष्टी सांगून जे मुलांमध्ये भरायला बघतो, ते त्या गावात शिलिंगांच्या जिन्यावर पायरी-पायरीने उभं होतं.

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, ही टोकाची गरिबी झाली. पोट भरलं की प्रश्न संपतो. तो संपत नाही. १९६७ साली ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास सुरू झाला. सगळे कायम नोकरीतले, सगळ्यांना पेन्शन, दवाखाना सगळ्यांना फुकट. उपाशी कोणीच नाही. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघालं. मधल्या श्रेणींचं प्रमाण या दोहोंच्या मधलं. नुसती वर आणि खाली अशी दोन टोकं नव्हती. प्रत्येक श्रेणीची तब्येत तिच्या वरच्या श्रेणीपेक्षा जराशी वाईट. साहजिकच पहिला संशय सिगारेटवर गेला. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतंच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळ्यांचा हिशेब वजा केल्यावरही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. मायकेल मार्मट यांनी १९८५पासून बायका-पुरुष मिळून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास केला, त्यात एक धागा सापडला: आपलं काम कसं, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांचं हृदय जास्त धोक्यात. सतत दुसऱ्याच्या घंटेवर उठायचं, हे शरीर लक्षात ठेवतं. आपल्याकडे ताण म्हटला की मोठ्या साहेबाचं टेबल डोळ्यांसमोर येतं. टेबलाबाहेर स्टुलावर बसलेला माणूस येत नाही.

आता उलटी बाजू. परिस्थिती बदलली, माणसाला काहीही न शिकवता, तर वागणं बदलतं का? असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही, पण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागात तो आपोआप झाला. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३पासून तिथल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी नोंद ठेवत होते. त्यातली चतुर्थांश मुलं चेरोकी आदिवासी समाजाची होती. अभ्यास चालू असतानाच त्या समाजाच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा प्रत्येक सभासदाला मिळू लागला. काम केलं म्हणून मिळालेला पैसा नव्हता तो, आणि त्याला कसली अटही नव्हती. जुगाराचा पैसा. नीतीच्या दृष्टीने याहून वाईट उगम शोधून सापडणार नाही. पण ज्या घरांची गरिबी त्यातून हटली, त्या घरांतल्या मुलांची भांडणं, उद्धटपणा, मोडतोड, चोऱ्या इतक्या कमी झाल्या की ती कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या रांगेत जाऊन बसली. जी घरं गरीबच राहिली, तिथे फरक नाही. का, याचा शोध घेतल्यावर सगळ्यात वजनदार कारण निघालं ते अगदीच साधं: आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला होता.

संस्कार म्हणतात ते हेच असावेत बहुतेक. त्यांना आईवडिलांचे मोकळे तास लागतात.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या म्हणण्याला सोयीची नाही म्हणून ती गाळणं बरं नव्हे. मुलांमधली चिंता आणि उदासी पैशाने हटली नाही. सगळं दुःख परिस्थितीचं नसतं. माणूस भोवतालाने पूर्ण घडतो असं म्हणणाऱ्यांचा एक अतिरेकी पंथ आहे, मी त्यातला नाही. एकाच छपराखाली वाढलेली दोन भावंडं दोन तऱ्हांची निघतात, हे कुठल्याही आईला विचारा.

आणि वेळेचाही प्रश्न आहे. अमेरिकेतच १९९४ ते १९९८ या काळात पाच मोठ्या शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली. मोठ्यांच्या कमाईत काही फरक पडला नाही, पण त्यांच्यातला अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी झाला. मनालाही बरं वाटू लागलं. तेरा वर्षांच्या आत जी मुलं त्या वस्तीत गेली, ती पंचविशीच्या सुमारास मागे राहिलेल्यांपेक्षा सरासरी ३१ टक्के जास्त कमावू लागली. तेरानंतर गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं. तीच मदत, तीच वस्ती. पण उशीर झालेला होता. गरजूंच्या फायली ज्या वेगाने टेबलं बदलतात तो वेग आठवला की हा तेराचा आकडा जीवघेणा वाटतो.

सगळ्यात हमखास येणारा आक्षेप अजून राहिला. 'अहो, त्याच परिस्थितीतून तो अमका नाही का वर आला? रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला त्याने.' हा आक्षेप घेणाऱ्यांना मी एकच विचारतो: दिव्याखाली अभ्यास केलेले आणखी किती होते, आणि ते कुठे आहेत? सत्कार एकाचा होतो म्हणून एकच दिसतो. पण हे झटकून टाकण्याजोगं उत्तर झालं. आक्षेपाला खरं उत्तर मिळतं ते हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुलं मध्यमवयाची होईपर्यंत केला. त्यातली काही गरिबी, बापाचं दारूपिणं, आईचं आजारपण, घरातली भांडणं, अशा तीन-चार संकटांत एकदमच सापडलेली होती. या मुलांपैकी दोन तृतीयांश पुढे कुठे ना कुठे अडखळली. पण एक तृतीयांश धडधाकट, कामसू, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात वेगळं काय होतं? काहींचा मुळातला स्वभाव हसरा, माणसं जोडणारा होता, हे खरं. पण जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं होतं जे टिकून राहिलं. आजी, मावशी, शेजारीण, एखादा शिक्षक. म्हणजे परिस्थितीवर मात करणाऱ्यांकडेही परिस्थितीच होती. फक्त तिच्यात एक जागा बरी होती, आणि सत्काराच्या भाषणात त्या आजीचं नाव कोणी घेत नाही.

वर आलेल्या माणसाचं श्रेय यातून कमी होतं का? मला वाटतं वाढतं. पाठीवर दगड घेऊन धावलेल्याला बक्षीस द्यायचं असेल तर आधी दगड होता हे मान्य करायला हवं. आपण मात्र दगडच पळायला मदत करतो असं सांगून इतरांनाही दगड वाटायला निघतो. 'कष्टाशिवाय माणूस घडत नाही' हे वाक्य मी बहुतेक वेळा अशाच लोकांकडून ऐकलं आहे ज्यांनी स्वतःच्या मुलांसाठी वातानुकूलित अभ्यासिका लावून दिली आहे.

मग जबाबदारी कोणाचीच नाही का? हा प्रश्न खरा आहे, आणि 'बिचारा, त्याचा काय दोष' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. त्या बिचाऱ्या शब्दात एक हलकासा अपमान असतो. माणसाला आपण वस्तू करून टाकतो. बेकारीतही ज्याने बायकोवर हात उगारला नाही आणि ज्याने उगारला, त्यांच्यात फरक आहे, आणि तो फरक त्यांचा स्वतःचा आहे. माझा हिशेब इतकाच की ज्याच्यापुढे जितक्या वाटा मोकळ्या, त्याच्याकडे तितका जाब मागावा. आज आपण बरोबर उलट करतो. दोन वाटा असलेल्या माणसाला त्याने चुकीची का निवडली म्हणून धारेवर धरतो, आणि वीस वाटा असलेल्याने सगळ्यांत हावरी निवडली तर त्याला 'व्यवहारी' म्हणतो.

कोणाला हे सगळं आजकालचं फॅड वाटत असेल, तर १८४८ सालात जाऊ. प्रशिया या जर्मन राज्यातल्या अप्पर सायलेशिया या पोलिश बोलणाऱ्या भागात तापाची साथ आली. सरकारने रुडॉल्फ फिर्खो नावाच्या २६ वर्षांच्या डॉक्टरला पाहणीला पाठवलं. औषधांची यादी आणि स्वच्छतेच्या चार सूचना मिळतील अशी सरकारची अपेक्षा असावी. फिर्खो तीनेक आठवडे गावोगाव फिरला, ओल्या कोंदट झोपड्या आणि उपासमार पाहून आला, आणि त्याने उपाय लिहिले ते असे: लोकांना शिक्षण द्या, तेही त्यांच्या पोलिश भाषेत, कराचा बोजा गरिबांवरून श्रीमंतांवर हलवा, रस्ते बांधा, शेती सुधारा, आणि लोकांना स्वतःचा कारभार स्वतः करू द्या. हा तापावरचा अहवाल होता! तिथले अधिकारी आणि जमीनदार तोवर सांगत होते की हे लोकच आळशी, घाणेरडे आणि दारूडे आहेत. फिर्खोने आळस आणि दारू नाकारली नाही. तो आळस कुठून आला, एवढंच त्याने विचारलं. पुढच्याच वर्षी, राजकारणात पडल्याबद्दल, त्याला बर्लिनमधली जागा सोडावी लागली.

तेव्हापासून आजवर आपण औषधांत फार पुढे गेलो आणि उपदेशात जिथल्या तिथे आहोत. मधुमेह वाढला की चालायला जा, असं सांगणारे फलक लागतात; चालायला पदपथ कुठे आहे हे त्या फलकावर नसतं. कामगार थकून येतो, तर कंपनी तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवते, तेही सुट्टीच्या दिवशी. मुलं शिकत नाहीत तर पालकांना जागरूक करायचे मेळावे भरतात, आणि त्या मेळाव्याला यायचं म्हणून मजुरी बुडवलेला बाप मागच्या रांगेत पेंगत असतो. उपदेश वाईट असतो असं नाही. घर बदलल्यानंतर मला 'खोल श्वास घे' या सल्ल्याचा उपयोगही झाला. पण आधी घर बदललं होतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याला दोन व्यक्तींच्या व्यवहारात लगेच कळतं. धोरण ठरवताना मात्र आपण पोहऱ्यालाच दटावत बसतो.

न्यूयॉर्कच्या त्या शाळेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. अभ्यास छापून आल्यावर ओरड झाली. रेल्वेवाल्यांनी शाळेलगतच्या रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या. शिक्षण खात्याने सगळ्यात गोंगाटाच्या वर्गांना आवाज शोषून घेणारं छत लावलं. ब्रॉनझाफ्ट बाईंनी पुन्हा चाचण्या तपासल्या आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन आता सारखं होतं. गाड्या मात्र पूर्वीसारख्याच त्या वर्गांच्या खिडक्यांजवळून जात होत्या.